राणीच्या तोंडी माझी चौदा वाक्यं

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे असं समजा.) तुमचा रक्तदाब काय म्हणतो? तुमच्या यजमानांचे नवे दात बसले का, की अजून डबीतच? इथे सासूबाई, म्हणजे तुमच्या आई, ठीक आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, पण भाजीत मीठ कमी पडलं की बरोबर दिसतं. मीही बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र येऊन सोळा दिवस झाले. नऊ वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या कामासाठी परदेशी गेलेले तुमचे बंधू परत येऊ म्हणतात, त्या बाईंशी आता त्यांचं काही उरलेलं नाही, आणि त्यांना घरात घेणार की नाही ते मी दोन ओळींत कळवावं, असं तुम्ही लिहिलंत. दोनच ओळी लिहायला बसले होते, खरंच. पण त्या पत्रापायी माझ्या नोकरीत जो घोळ झाला तो आधी ऐका, कारण उत्तर त्या घोळातच अडकलंय.

मी प्रकाशकांकडे मुद्रितं तपासते हे तुम्हाला ठाऊक आहे. सध्या आमच्याकडे एका लेखिकाबाईंचं पुस्तक आहे. ग्रीक पुराणातल्या बायका आपापली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतात. एकीच्या केसांचे साप झाले, एकीला पळवून नेलं आणि वर युद्धही तिच्याच नावावर घातलं. सगळ्या बिचाऱ्या, पण बोलतात फार सुंदर. बोलता बोलता कोणाचं दूध म्हणून उतू जात नाही. पाचवं प्रकरण एका राणीचं. तिचा नवरा युद्धाला गेला तो वीस वर्षं आलाच नाही. (त्यातली सात वर्षं एका बेटावर एका देवीकडे होता. निघायला होडी मिळेना म्हणे.) इकडे राणीशी लग्नाला टपलेले शंभरावर पुरुष तिच्याच घरात जेवतायत, आणि ही त्यांना सांगते, सासऱ्यांसाठी वस्त्र विणतेय, ते पुरं झालं की ठरवते. दिवसा विणायचं, रात्री उसवायचं, असं तीन वर्षं.

आता आमच्याकडची रीत अशी की समासात लाल शाईने लिहिलेलं मजकुरात घ्यायचं, आणि पेन्सिलीने लिहिलेली ती माझी बडबड. ती मी शेवटी खोडरबराने पुसते. (बडबडल्याशिवाय मला वाचताच येत नाही, हे तुमच्या बंधूंनीही कधी तरी सांगितलं असेल.) त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुमचं पत्र वाचलं, डबा तसाच बंद केला आणि पाचवं प्रकरण पुढे ओढलं. हातात लाल पेन होतं. मला कळलंच नाही हो! चौदा ठिकाणी लिहिलं. आमचे जुळारीकाका मजकूर संगणकावर चढवतात. तीस वर्षांत त्यांनी एक वाक्य अर्थ लावून वाचलेलं नाही, म्हणून तर त्यांच्या चुका होत नाहीत. त्यांनी लाल दिसलं तेवढं सगळं इमानेइतबारे आत घेतलं. शेवटची नजर टाकायचं काम माझंच, पण नेमका शेजारणीचा फोन आला, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या (फक्त मुका मार, घाबरू नका), आणि मी न बघताच सही ठोकून पळाले.

पाचशे प्रती बांधून आल्या. राणी छान समुद्राबिमुद्राविषयी बोलत असते आणि मध्येच म्हणते, रोज उसवायचं तर पाठ कोणाची मोडते? पुढच्या पानावर, वीस वर्षांत एक चिठ्ठी नाही, आणि म्हणे वादळ होतं. नवरा परत येतो तोही वेश बदलून, बायको नीट राहिली का ते बघायला. तिथे ती म्हणते, आणि तुझं कोणी बघायचं? मग तो घरातल्या बारा दासींना त्या पुरुषांशी संगत केली म्हणून फासावर देतो. राणी तेव्हा झोपलेली होती, असं मूळ कथेत आहे. माझी राणी म्हणते, झोपले नव्हते, ऐकत होते, आणि तरी खाली येऊन त्याला पाणी दिलं.

मालकांनी सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं. लेखिकाबाई आल्या, पान वाचलं, पुन्हा वाचलं. मला आपलं वाटलं, आता म्हणतील, वा, किती खरं लिहिलंय! त्या म्हणाल्या, "माझी राणी अशी कटकट करत नाही." झालं. प्रत्येक प्रतीतून ती पानं ब्लेडने कापायची आणि शुद्ध पानं डकवायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं. सहा दिवस तेच करतेय. स्वतःचंच बोलणं कापत बसायचं, वन्सं. पहिले दोन दिवस हसू आलं. तिसऱ्या दिवशी गोंदाच्या डब्यापाशी बसून ढसाढसा रडले. जुळारीकाका काही न विचारता चहा ठेवून गेले.

कापलेली पानं घरी आणून सासूबाईंना वाचून दाखवली. तुमच्या पत्राचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, शप्पथ. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्या बारा पोरींच्या आया कुठे होत्या?" मी म्हटलं, कथेत नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो येतोय ना? पोटचा आहे माझ्या. त्याला घरात घेऊ नकोस." नऊ वर्षं रोज सकाळी टपाल आलं का म्हणून विचारणारी बाई ती! मी पानं गुंडाळून ठेवली.

तर उत्तर, नाही. आईंना भेटायचं असेल तर तुमच्याकडे उतरावं, दुपारी यावं, चहा घ्यावा आणि जावं.

थोरांना नमस्कार, लहानांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची भावजय

ता. क. नोकरी शाबूत आहे. लेखिकाबाईंचं पुढचं पुस्तक स्वतःची मुलं मारणाऱ्या बाईचं आहे, म्हणून मालकांनी लाल पेनं कपाटात कुलपात ठेवली आहेत.

ता. क. दुसरा. वर 'नाही' लिहिलंय ते पक्कं. पण या सोळा दिवसांत मी तुम्हाला तीन वेळा 'हो' लिहिलं आणि तिन्ही पत्रं फाडली. माझा मलाच भरवसा नाही. यामागून माझ्या अक्षरातलं दुसरं पत्र आलं, तर ते त्यांना देऊ नका. त्यात मी हातापाया पडले असेन, तरी देऊ नका. एवढं एकच मागायचं होतं, त्यासाठी ही सगळी पानं.

ता. क. तिसरा. ते अजून मिशा ठेवतात का? तुम्ही काही लिहिलं नव्हतंत.