सात नातू, चार नातू

६ जानेवारी, मंगळवार

मासोळी आज तलावातच बेशुद्ध झाली! दादाची लेक. सतराची आहे, पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही म्हणून मासोळी. प्रशिक्षकाने कपड्यांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं. आता ठीक आहे. म्हणजे पलंगावर बसून सगळ्यांवर डाफरते आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणी पन्नाशीच्या आत, अचानक गेलंय?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी ठासून सांगितलं – नाही! बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, पण नदीत बुडून. दादा सेहेचाळिसाव्या, पण जिन्यावरून पडून. ते अपघात. बाकी आमच्याकडे नव्वदी ओलांडल्याशिवाय कुणी हलत नाही.

"मला लेखी आणून द्या," बाई म्हणाल्या. "कोण कधी गेलं, किती वयाचं. हृदयाचा आलेख मला पटत नाहीये. तोवर पाणी बंद."

महिनाअखेरीला निवड चाचणी आहे. पोरगी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली.

९ जानेवारी

जुने कागद काही उरलेले नाहीत. पण आमच्या घराण्याला एक हौस – म्हातारं माणूस गेलं की वर्तमानपत्रात बातमी, तीही फोटोसकट. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दुकानातून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तळघरात जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेत. सांभाळणारे गृहस्थ नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून वाचतात. नंबर बदललाय हे मला लांबूनच कळलं. वीस वर्षं चष्मे विकून दुसरं काय कळणार!

पणजोबा सापडले! वय ९१. वृद्धापकाळाने. काय मिशा!

१३ जानेवारी

पणजी, ९५. चुलत आजोबा, ९३. पणजोबांची बहीण, ९८! तिचा चेहरा तर असा की शंभरी गाठली नाही याचा रागच आलाय. प्रत्येकाची प्रत काढून घेतली. वहिनीला फोन करून वयं वाचून दाखवली. "म्हणजे काळजीचं कारण नाही ना ताई?" मी म्हटलं, अजिबात नाही. मासोळी मागून ओरडली, "मग माझा पोहण्याचा पोशाख वाळत घाल!"

१६ जानेवारी

वाटतंय, तळघरात गेलेच नसते तर बरं झालं असतं.

आणखी कुणाची बातमी राहिली नाही ना, हे बघायला शेवटची म्हणून गेले होते. गृहस्थ म्हणाले, "ताई, गेलेल्यांची वयं काय बघत बसता? मागे राहिलेल्यांची डोकी मोजा. खरी हकिगत तिथे असते." सहज म्हणाले ते, तीस वर्षं हेच वाचतात.

मोजली. पणजोबांच्या बातमीत – पश्चात पत्नी, दोन मुलगे, सात नातू, पाच नाती. सोळा वर्षांनी पणजी गेली तेव्हा नाती पाचच. नातू चार.

सातांतले एक बाबा. ते पणजीच्या आधी दोन वर्षं गेले. मग सहा हवेत. दोघे कुठे गेले? गृहस्थांकडच्या निधनवार्तांच्या सूचीत मधली सोळा वर्षं चाळली. आमच्या आडनावाची एकही बातमी नाही. बाबांचीसुद्धा नाही!

१८ जानेवारी, रविवार

मोठ्या आत्याकडे जाऊन आले. बाबांची बहीण, ब्याण्णव वर्षांची. ऐकू कमी येतं, पण विसरत काही नाही.

"आत्या, बाबांखेरीज अजून दोन भाऊ गेले ना तुझे?"

"कोण गेलं?"

"तेच विचारतेय!"

तिने मला आधी दार लोटून घ्यायला लावलं. मग बोलली. मधला भाऊ सायकलवरून पडला. "सपाट रस्ता गं. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं." एकोणचाळीसचा होता. तिच्या काकांचा थोरला शिडीवर चढून माळा आवरत होता, तिथून पडला. बेचाळीस.

"बातमी का नाही दिली?"

"माझ्या आजीने, म्हणजे तुझ्या पणजीने सांगून ठेवलं होतं. तरण्या माणसाचं छापायचं नाही. लोक म्हणतील या घराला काहीतरी आहे. मग पोरींना कोण करून घेणार?"

"आणि तुला काय वाटायचं? होतं काही?"

आत्याने कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं.

बाबा पट्टीचे पोहणारे होते. ते शांत नदीत कसे बुडाले, हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि दादाची बातमी? तीही आम्ही दिली नव्हती. वहिनी द्यायची म्हणत होती. मीच म्हटलं होतं, कशाला उगाच.

१९ जानेवारी

नव्वदीवाल्यांच्या चारही प्रती टेबलावर आहेत. खोटं एक अक्षर नाही त्यांत. फक्त एवढ्याच दिल्या तर? पोरगी चाचणीला उतरेल. वहिनी निवांत झोपेल. मला कुणी विचारणारसुद्धा नाही.

भीती वाटते. सांगायचीही, न सांगायचीही.

२० जानेवारी

सांगितलं. आधी वहिनीला, तिच्या स्वयंपाकघरात. वाटलं होतं, चिडेल. ती हातातली पळी ठेवून खालीच बसली.

"म्हणजे ते घसरले नव्हते?"

"नसावा घसरला. हृदय आधी थांबलं असेल."

"त्या दिवशी जिना मी पुसला होता, ताई. ओला होता. सहा वर्षं मला वाटतंय, माझ्यामुळे गेले."

सहा वर्षं! आणि आम्ही दर आठवड्याला एकमेकींकडे चहा पितो. तिला धरून बसले. भाजी करपली.

दुपारी डॉक्टरीणबाईंपुढे सगळं मांडलं. सायकल, शिडी, नदी, जिना. त्या लिहीत होत्या, मग लिहायच्या थांबल्या. "हे पहिल्या दिवशी हवं होतं," एवढंच म्हणाल्या. हृदयाचा काही दोष घराण्यात रक्तातून उतरत आलाय का, ते बघायला मासोळीचं रक्त पाठवलं. "रक्ताच्या नात्यातलं अजून कोण आहे?" मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. माझंही घेतलं.

२४ जानेवारी

मासोळी माझ्याशी बोलत नाही. "तुला कुणी सांगितलं होतं मेलेली माणसं उकरायला?" बरोबर आहे तिचं. पण जिवंत आहे, चिडते आहे. मला तेवढं पुरे.

३१ जानेवारी

निवड चाचणी झाली. मासोळीशिवाय.

८ फेब्रुवारी

दादाची बातमी दिली. सहा वर्षं उशिरा. मजकूर वहिनीने लिहिला, वय ठळक अक्षरांत. खिडकीवरच्या कारकुनाने दोनदा विचारलं, तारीख चुकली नाही ना? म्हटलं, नाही हो, आम्हीच चुकलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मासोळी मोकळी! त्या सकाळी उपाशीपोटी पाण्यात उतरली होती, म्हणून घेरी आली असावी. हृदयाचा आलेख पुन्हा काढला, तो स्वच्छ आला. उद्यापासून पोहायचं. वहिनी दवाखान्याच्या दारात रडली आणि लगेच हसली.

बाईंनी त्याआधी मला एकटीला आत बोलावलं होतं. घराण्यातला तो हृदयाचा दोष माझ्यात आहे. माझ्यात सापडला, म्हणून नेमकं काय शोधायचं ते कळलं आणि पोरीत तो नाही हे खात्रीने सांगता आलं, असं म्हणाल्या. गोळ्या आजपासून.

वहिनीला अजून बोलले नाही. आजचा दिवस हसू दे तिला. उद्या सांगणार. इथे लिहिलंय, म्हणजे सांगावंच लागेल.