नूडलचा उपास

ॲन आर्बर,
१० फेब्रुवारी १९८६

ती. मालिनीताईस,

सुमेधाचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. बर्फ इतका पडलाय की बसथांबा कुठे आहे ते बस आल्यावरच कळतं. प्रताप विद्यापीठाच्या कामात बुडालेले असतात.

हसू नकोस, पण आमच्या घरात साप आहे. प्रतापांच्या मुलीचा, उत्तराचा. शिसपेन्सिलीएवढं तांबूस पिल्लू, नाव नूडल. विषारी नाही म्हणतात. आणल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दुकानातून आणलेलं उंदराचं मेलेलं पिल्लू कोमट करून उत्तरा चिमट्याने त्याच्यापुढे नाचवायची, टॉर्च मारून बघत बसायची. तो तोंड फिरवायचा. मी आपली नागपंचमीसारखी दुधाची वाटी ठेवली. "स्नेक्स डोन्ट ड्रिंक मिल्क, सुमेधा." मी या घरात आल्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

लग्न होऊन आले तेव्हापासून ही पोर माझ्या हातचं खात नाही. सीरियल खाते आणि खोलीत जाते. तिची आई जाऊन फार काळ झाला नाही, हे मला कळतं, तरी रडू येतं. मी ताटाशी उभी राहून आर्जवं करायची आणि ती खुर्ची मागे सारायची. उन्हाळ्यात येते असं तुम्हाला कळवलं ना, ते भेटीला नव्हतं. कायमचं यायचं मनात होतं.

शनिवारी नूडल मरणार म्हणून उत्तरा हमसाहमशी रडायला लागली. मला सुचलं ते बोलले. म्हटलं, देवाला नैवेद्य दाखवून आपण दार लोटतो, जेवताना त्याच्याकडे बघत बसत नाही. यालाही बघायला नको. दह्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, नूडलला आत सोडलं, उंदराचं पिल्लू ठेवलं, वर टॉवेल टाकला. पिल्लू मी उचललं. हो, याच हातांनी. सकाळी डब्यात एकटा नूडल होता, पोट टम्म.

दुपारी उत्तराचं ताट वाढलं आणि काही न बोलता तळघरात कपडे धुवायला गेले. वर आले तर वरणभात संपलेला, भाजी तशीच. भाजी मलाही जमली नव्हती.

ताट बेसिनमध्ये ठेवताना म्हणाली, "नेक्स्ट टाइम यू फीड हिम. आय विल शो यू."

तेव्हा उन्हाळ्यात मी येत नाही, ताई. बाबांना तूच सांग.

उंदराला हात लावूनही आनंदात असलेली,
तुझी सुमेधा