जाळीमागचे दिवे

सायली पोरी,

मंडईतून आल्यावर तुझा नुकता डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. पिकअप चालू करू नको. बॅटरीची वायर मीच सोडून ठेवली आहे.

गंगापूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या अंधारात तशाच उभ्या असतात अन् तू पहाटे एकटी जातेस. म्हणून पुढच्या जाळीच्या मागं दोन एलईडी दिवे बसवले. आधी विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस. दिवे लागले झकास, पण चावी काढली तरी विझेनात. एक वायर ओढली तर हॉर्न बंद. ती जोडून दुसरी ओढली, तर हॉर्न वाजायचा थांबेना. काय कशाला जोडलं, माझं मलाच उमगेना.

त्या आवाजानं तुला जाग आली नाही, पण तुझा नवरा बाहेर आला. अपघात झाल्यापासून गाडीकडं पाठ करून बसणारा शिवराज जाळीपुढं उकिडवा बसला. म्हणाला, "आबा, पांढरे कशाला बसवले? धुक्यात पिवळे लागतात. त्या दिवशी पिवळे असते तर..." अन् पाना उचलला. माझ्यावर चिडला, का आणखी काही, मला कळलं नाही.

मी पिवळे दिवे अन् वायरिंगवाला आणायला बजाजनगरला जातो. शिवराज अजून गाडीपाशीच आहे, हातात पाना घेऊन.

चहाला त्याला घरात बोलावू नको. तिथंच नेऊन दे.

आबा