नखाखालची कळ

१४ डिसें., लक्ष्मीबाई नगर
पोळ्या लाटताना डाव्या अनामिकेला लाटणं नुसतं टेकलं. डोळ्यांपुढे अंधारी. नख धड, सूज नाही, पू नाही. दाखवायला काही नाही, हीच तर पंचाईत.

१७ डिसें.
डिस्पेन्सरी. म्हटलं, "नाखून में कळ आती है." डॉक्टर: "कल आई थी? तो आज क्या है?" इतकी वर्षं दिल्लीत काढून ऐन वेळी हिंदी शब्द सुचेना. चिठ्ठीवर 'कल से' लिहून गोळ्या दिल्या. तीन हिवाळे झाले, गाढवा!

२ जाने.
बादलीत हात घातला, गार पाणी. ओरडलेच. मुक्ता धावत आली, "आई, फिर से?" ह्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "दिसत तर काही नाही. एकदा मनाच्या डॉक्टरला दाखवू या." माझाच नवरा. न्हाणीघरात जाऊन रडले.

९ जाने.
ऑफिसात टायपिंगला 'एस' ह्याच बोटाचा. तो आला की बोट आपोआप मागे येतं. सरकारी पत्राची सुरुवातच 'सर'ने. साहेब चिडले. चिडोत.

२२ जाने.
शेवटी हाताच्या सर्जनकडे. हे सोबत, तोंड वाकडं करून. म्हातारे पंजाबी डॉक्टर पेन्सिलीचं टोक नखावर टेकवत गेले. एका जागी किंकाळी. मग दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून पुन्हा तिथेच टेकवलं. काही नाही! खरंच काही नाही. रक्त अडलं की कळ थांबते, हीच खूण, म्हणाले. "ट्यूमर लगता है. छोटा-सा. कैंसर नहीं, बिल्कुल नहीं." ह्यांचा चेहरा उतरला. मी हसले. वेडी नव्हते ना मी.

५ फेब्रु.
ऑपरेशन. नख उचलून गाठ काढली. मोहरीएवढी, निळसर. हे बघतच राहिले. "एवढीशी?" "हो, हिच्यापायी मला वेड्यात काढलंत." बोलून टाकलं. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

११ डिसें.
नवीन नख जरा वाकडं आलंय. आज मेथी धुताना तिथेच कळ. बारीक. जखमेची असेल. पण डॉ. म्हणाले होते, कधी कधी कण मागे राहतो, पुन्हा वाढतो. परत नख काढायचं? जीव घाबरा झालाय.
हे शेजारीच चहा गाळत होते. "काय झालं गं?"
"पातेलं लागलं," म्हटलं.
लगेच विश्वास बसला.