वजा शून्य

विल्ला रेतामानी, ला पाझ
गुरुवार, ६ मार्च

पाद्रीनो एद्मुंदो यांना,
तुमच्या धर्मकन्येचा, वाराचा, नमस्कार.

आधीच माफी मागते. लिहिण्यात चुका असतील आणि एका बोटाने फोनवर लिहितेय म्हणून वेळ पण लागतोय. सकाळी सुरू केलं होतं, आता जेवणाची वेळ झाली. आकडे माझ्याकडून पटापट होतात, अक्षरं होत नाहीत, ते तुम्हाला माहितीये.

तुम्ही बरे असाल. इनेसमावशींचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे. सकाळी मिनिबसच्या थांब्यावर जांभळ्या मक्याचा गरम आपी विकायला बसते, पण गेले दोन आठवडे अर्धं पातेलं तसंच परत आणते. गल्लीतल्या बायका आता पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातात आणि तिथला पाणचट आपी पितात. आईकडे बघत पण नाहीत.

का ते सांगायलाच लिहितेय. तोंडावर मला बोलता आलं नसतं. तुम्ही माझे धर्मपिता, तरी दोन वर्षं तुमच्या ऑफिसात मी "हो इंजिनियर" आणि "झालं इंजिनियर" एवढंच बोलले असेन.

सोमवारी आपल्या वस्तीचे अध्यक्ष कासियानोकाका तुमचं पत्र घेऊन मैदानात आले. तिथे तंबू आहेत, घरं गेलेल्या सहा घरांची माणसं राहतात. काकांनी पत्र मोठ्याने वाचलं. "आलेखातील चूक ही कार्यालयातील एका अप्रशिक्षित मुलीच्या हातून झाली असून तिचे शालेय शिक्षण अपूर्ण आहे."

"मुलगी म्हणजे कोण?" एउलोहियामावशीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते.

काका म्हणाले, "अप्रशिक्षित म्हणजे काय गं, वारा?"

"न शिकवलेली."

"मग? नव्हतं शिकवलं तुला?"

मी गप्प बसले. मी नेहमीच गप्प बसते. तेच धरून तुम्ही ते पत्र लिहिलंत ना? ही काही बोलणार नाही म्हणून?

शिकवलं होतं, पाद्रीनो. तुम्हीच शिकवलं होतं. मी नववीत शाळा सोडली, कारण फळ्यापुढे उभं केलं की मला घाम फुटायचा आणि सगळा वर्ग हसायचा. तुम्ही म्हणालात, चल ऑफिसात, चहा कर, झेरॉक्स काढ. मग एक दिवस मला कॉम्प्युटरसमोर बसवलंत. ग्राफच्या कोपऱ्यातली चौकट दाखवलीत, ती कुठल्या रंगाची रेघ जमिनीत ठोकलेल्या कुठल्या खुंटाची ते सांगते ती. म्हणालात, "लोक रेघा बघत नाहीत. लोक ही चौकट वाचतात. इथे चुकलीस तर सगळं चुकलीस." मला पाठ आहे सगळं. आकडा आणि मापात एक जागा सोडायची. दशांशाला स्वल्पविराम, पेरू देशातल्या लोकांसारखं टिंब नाही. वर गेलं तर अधिक लिहायचं, नुसता आकडा सोडायचा नाही. आणि वजाची खूण लांब काढायची, शब्द तोडायला वापरतात ती आखूड नाही. आखूड काढली म्हणून तुम्ही माझा पहिला कागद फाडला होतात. "वजा म्हणजे खाली गेलंय," म्हणालात, "ते लांबून दिसलं पाहिजे." मी एका दिवसात चाळीस कागद दुरुस्त केले होते तेव्हा. आणि मला मजा आली होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला इतरांपेक्षा चांगलं येत होतं.

आणि आता न शिकवलेली.

सप्टेंबरचं तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. आपल्या उतारावर तुमच्या माणसांनी अकरा खुंट ठोकले होते आणि दर महिन्याला मोजत होते, जमीन वर खाली होते का ते. तीन मजल्यांची परवानगी त्यावर ठरणार होती. माझ्याकडे आकडे आले ते सेंटिमीटरमध्ये. सातव्या खुंटाला महिन्याला वजा चार. नवव्याला वजा साडेतीन. मी चौकटीत तसेच लिहिले. तुम्ही म्हणालात, फॉर्ममध्ये मीटर मागितलेत आणि दशांशानंतर एकच आकडा. मी मीटर केले. चार सेंटिमीटरचे ०,०४ मीटर होतात, एकच आकडा ठेवला की ०,० उरतं. पण खूण राहिली. अकराच्या अकरा ओळींत "−०,० मीटर" असं आलं.

मी कागद घेऊन तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही फोनवर होतात. मी उभी राहिले. तुम्ही बघितलंत आणि हसलात.

"वजा शून्य? हे काय असतं गं?"

मी म्हटलं, "इंजिनियर, ते शून्य नाहीये. खाली जातंय."

"शून्याला कुठली आली वजाची खूण? बैठकीत लोक हसतील. काढून टाक."

"मग अजून एक आकडा ठेवू का? ०,०४?"

"वारा, फॉर्म मी बनवलाय की तू?"

तिथे मी "हो इंजिनियर" म्हटलं. अकरा ओळी, अकरा खुणा, एकेक करून मीच पुसल्या. मशीनने नाही पुसल्या, मशीनला कळत होतं ती खूण कशाची ते. माझ्या बोटाने पुसल्या.

तुम्ही कोणाकडून काही घेतलंत असं मी म्हणत नाही. गल्लीत म्हणतात, मी नाही म्हणत. घेतलं असतंत तर मला समजलं तरी असतं. तुम्ही फक्त चौकट नीटनेटकी दिसावी म्हणून केलंत. हसू नये कोणी म्हणून. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. हसण्याला घाबरून मी शाळा सोडली, त्यात माझं एकटीचं नुकसान झालं. तुम्ही हसण्याला घाबरलात आणि सहा घरं गेली.

बैठकीत तो कागद भिंतीवर लावला होता तेव्हा मी मागे उभी होते. रेघा एकमेकींवर झोपल्या होत्या, कोणाला काही दिसत नव्हतं. सगळ्यांनी चौकट वाचली. एउलोहियामावशीला वाचता येत नाही, तिने नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आज्जी, सगळीकडे शून्य आहे." ती म्हणाली, "शून्य चांगलं ना रे?" आणि तीन मजल्यांना होकार म्हणून हात वर केला. सगळ्यांनी केले. आईने पण केला.

ऑक्टोबरमध्ये मावशीकडे तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. सगळी गल्ली गेली होती. बायकांनी शेंगदाण्याचं सूप केलं होतं, काँक्रीटचा मिक्सर चालू होता, खालपासून वरपर्यंत माणसांची रांग. तिचा नवरा फेर्मिनकाका मध्येच बिअर फिरवत होता आणि म्हणत होता, "प्या, नाहीतर स्लॅब रुसेल." मी पण रांगेत होते. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर. एकेक घमेलं माझ्या हातातून वर गेलं. घर सातव्या खुंटापासून दहा पावलांवर.

मला माहीत होतं आणि मी घमेली दिली.

हे आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. अजून एक आहे, ते सांगायचं मी सकाळपासून टाळतेय, इनेसमावशींचा गुडघा वगैरे लिहितेय.

आमच्याकडे पण वाळू येऊन पडली होती. सळया आल्या होत्या. आई नोव्हेंबरमध्ये स्लॅब टाकणार होती. मी तिला म्हटलं, नको. वर खोली झाली तर मी नाही झोपणार तिथे, मला उंचीची भीती वाटते. आई इतकी हसली. म्हणाली, "जवळजवळ चार हजार मीटरवर जन्मलीस आणि उंचीची भीती? कुठली राजकन्या आली ही?" पण मी रडले तेव्हा तिने एप्रिलवर ढकललं. आमचं घर नवव्या खुंटापाशी आहे. अजून उभं आहे, एकच मजला आहे म्हणून.

गल्लीत आता म्हणतात, "त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी बांधलं नाही." आई शपथा घेते. कुमारी मारियाची, तिच्या मेलेल्या बापाची. म्हणते, माझ्या पोरीला काही माहीत असतं तर तिने मला सांगितलं असतं. ती असं म्हणते तेव्हा मी बटाटे सोलत असते.

त्यांचं बरोबर आहे, पाद्रीनो. फक्त आईला माहीत नव्हतं. मला होतं. माझं घर मी वाचवलं आणि बाकीच्यांना घमेली दिली.

सोळा फेब्रुवारी रविवार होता आणि खाली मैदानात मॅच होती, म्हणून माणसं वाचली. पाऊस पाच दिवस पडत होता. आधी कुत्रे गप्प झाले, मग बशी फुटल्यासारखा आवाज आला, मग एउलोहियामावशीचं घर बसलं. पडलं नाही, बसलं. गुडघे दुमडल्यासारखं. मग त्याच्या खालची पाच. फेर्मिनकाका एकटाच घरात होता, बूट शिवत होता. त्याचं कमरेचं हाड मोडलं. तो आता शुद्धीवर आहे आणि विचारतो, माझा तिसरा मजला कसा आहे. मावशी सांगते, छान आहे, रंग लावायचाय.

घरं बसली त्यानंतरच्या मंगळवारी तुमच्या सेक्रेटरीचा मला फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. तुमचा नाही आला. तुम्ही इकडे पण नाही आलात. तुमची माणसं आली, खुंट उपटून घेऊन गेली.

परवा कार्निव्हलचा मंगळवार होता. सगळ्या शहरात लोक घरांना रंगीत फिती बांधून जमिनीवर दारू शिंपडत होते. एउलोहियामावशी पण बाटली घेऊन गेली, घर होतं त्या खड्ड्याच्या कडेला. फिती बांधायला काही नव्हतं म्हणून तिने त्या उघड्या पडलेल्या सळयांना बांधल्या. आणि धरणीमातेला म्हणाली, "घे, पी. आमचं काही चुकलं असेल तर सांग." तिला वाटतं तिचं काही चुकलं. तिला वाटतं घराच्या पायात रिवाजाप्रमाणे लामाचं पिल्लू पुरताना कंजुषी केली, म्हणून हे झालं. मी बाजूला उभी होते. 

तर आता ऐका. येत्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी दहाला मैदानात सभा आहे. तुमच्या पत्रावर बोलायचंय. माझ्याकडे दोन्ही कागद आहेत. वजा शून्यवाला आणि नुसता शून्यवाला. जुनी फाइल कधी पुसायची नाही, नंबर देऊन ठेवायची, हे पण तुम्हीच शिकवलंत. आणि खुणा पुसल्या त्या दिवशीचा तुमचा संध्याकाळचा मेसेज आहे, "ती वजाची घाण गेली का चौकटीतून?" त्याखाली माझं उत्तर पण आहे. "हो इंजिनियर."

मी ते तिन्ही मोठे छापून आणणार आहे. आणि सेंटिमीटरवाली यादी पण. आधी माझं सांगीन. पुसल्या ते, घमेली दिली ते, आमची वाळू पडून राहिली ते. आईला शनिवारी सांगणार आहे, तिने ते सभेत ऐकू नये. ती मला मारेल कदाचित. मारू दे. गल्लीतले काय करतील ते मला माहीत नाही. आम्हाला इथून जावं पण लागेल.

मग तुमचं सांगीन. तुमची ओळ मी माझ्या नावावर घेणार नाही.

तुम्ही यावं. कोणी तुम्हाला हात लावणार नाही, मी कासियानोकाकांकडून शब्द घेतलाय. या, आणि फेर्मिनकाकाच्या बायकोसमोर उभे राहून सांगा की ही खूण मी काढायला लावली. एवढं एक वाक्य. नाही आलात तर तुमच्या जागी रिकामी खुर्ची ठेवू आणि मी खुर्चीकडे बघून बोलीन. मला तेच सोपं जाईल.

आई सांगते, बाप्तिस्म्याला पाद्रीने विचारलं तेव्हा मला बोलता येत नव्हतं म्हणून माझ्या वतीने तुम्ही "हो" म्हणालात. ते तुमचं कामच होतं. मी सतरा वर्षांची झाले. तुमच्या पत्रात पण तुम्ही माझ्या वतीने बोललात, मला न विचारता. ते आता बंद.

वारा कायिसाया
(वर सवयीने धर्मकन्या लिहिलं गेलं. इथे खाली लिहीत नाही. रविवारी दहानंतर ठरवीन.)

ता.क. आत्ताच आई ओरडत आली. पाण्याच्या टाकीजवळ नेली नावाची बाई राहते, एकोणीस वर्षं जिला मूल नव्हतं, तिला जुळं झालं. दोन्ही मुली. त्यांच्या वतीने पण आता कोणीतरी "हो" म्हणेल.