काकांचा रकाना

डॉक्टर,

सोमवारी सकाळी मी तुमच्या नातीशी खोटं बोललो. नुकताच ड्यूटीवर आलो होतो. अॅम्ब्युलन्सचा मागचा दरवाजा उघडून ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरलाय ते बघत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर पुढून ओरडला, "डॉक्टर, तुमची अमेरिका आली बघा फोनवर." तो तिला अमेरिकाच म्हणतो. मागच्या पावसाळ्यात ती सहा आठवडे इथं ओतूरला राहून गेली, आमच्या गाडीवर माझ्याबरोबर फिरली, तेव्हापासून. फोनवर तिचा चेहरा, मागं खिडकीत काळोख, तिकडं रात्र पडलेली. म्हणाली, "काका, सगळे रकाने भरले. तुमचा तेवढा रिकामाय." मी सिलिंडरचा काटा बघत बघतच तिला उत्तर दिलं. ते उत्तर खोटं होतं आणि ते मी ठरवून दिलं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, तेव्हा ती शाळेत होती. आता ती डॉक्टर होतेय, पण तुमच्यासारखी किंवा तिच्या वडिलांसारखी नाही. तिकडं ऑस्टिओपॅथी म्हणून डॉक्टरकीची दुसरी शाखा आहे. औषधं, शस्त्रक्रिया, परवाना सगळं बाकीच्यांसारखंच, शिवाय हातानं हाडं-स्नायू चाचपून उपचार करायचं शिक्षण. तरीही काही मोठ्या हॉस्पिटलांत अजून विचारतात म्हणे, "अच्छा, तुम्ही त्या कॉलेजच्या का?" आणि त्यांच्या परीक्षेशिवाय दुसऱ्यांचीही परीक्षा द्यायला लावतात. हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. "बीएएमएस का? बरं बरं," हे मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा तिला ते अजून ऐकायचंय.

तिला इमर्जन्सीचं काम करायचंय. त्याचं तिकडं तीन-चार वर्षांचं वेगळं शिक्षण असतं, रेसिडेन्सी म्हणतात. बारा ठिकाणी तिच्या मुलाखती झाल्या. आता तिनं आपल्या पसंतीनं क्रम लावायचा, हॉस्पिटलांनी त्यांच्या पसंतीनं लावायचा, आणि कॉम्प्युटर दोघांची गाठ घालून देतो. एकदा गाठ पडली की तिथंच जायचं. तिनं त्या बारा ठिकाणांचा तक्ता करून मला फोनवर पाठवला, दोघांनाही त्यात लिहिता येईल असा. किती वर्षं, कसले पेशंट, तिच्या शाखेची मुलं घेतात का, दुसरी परीक्षा लागते का, पाळ्या किती, घरापासून किती लांब. आणि शेवटी एक रकाना, त्यावर मराठीत लिहिलेलं: काका. तो बाराच्या बारा ठिकाणी रिकामा.

तिचा जीव दोन ठिकाणी अडकला होता. एक मोठ्या शहरातलं नावाजलेलं हॉस्पिटल. दुसरं शेतीच्या मुलखातलं लहान गाव, तिथले निम्मे शिकवणारे तिच्याच शाखेचे. तिथं पहिल्या वर्षापासून पेशंट तुमच्या हाती देतात आणि शिकवणारा मागं भिंतीला टेकून उभा राहतो, नड पडली तरच पुढं येतो. अॅम्ब्युलन्सवरही पाठवतात. ती हे सांगत असतानाच मला कळलं होतं, हिची जागा ही. मी सिलिंडरचा काटा बघितला आणि म्हणालो, "त्या खेड्यात काय शिकणार तू? खाली टाक ते. मोठ्या शहरात जा, नाव होईल." तिनं विचारलं, "नक्की ना काका? मला वाटलं होतं तुम्ही उलटं सांगाल." मी म्हणालो, "नक्की."

मला तिचा हेवा वाटतो, डॉक्टर. तो कधी सुरू झाला तेही मला ठाऊक आहे, आणि ते सांगायचं तर तुम्हाला ती कांदे काढणारी बाई आठवावी लागेल. मी तुमच्या दवाखान्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. घाटाकडच्या गावात नाग चावला म्हणून निरोप आला. तुमच्याकडं बाळंतीण होती, म्हणून तुम्ही इंजेक्शनं देऊन मला मोटारसायकलवर पुढं पाठवलंत. तिथं बाईला भैरोबाच्या देवळात आणून निजवलेलं. आजही तिथं तसंच करतात, आधी देवाच्या पुढ्यात, मग बाकीचं. मी डिंभ्याकडचा, झेडपीच्या शाळेतला, रोज सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. पण त्या दिवशी मी देवळाच्या दारात बूट घालून उभा राहिलो आणि म्हणालो, "आधी हिला बाहेर काढा, मगच सुई लावीन." लोक म्हणाले, "आवो, अंगारा तरी लावू द्या." मी म्हणालो, "अंगाऱ्यानं विष उतरतं का?" गुरव चिडला, तिचा नवरा माझ्या अंगावर धावला. आम्ही भांडत राहिलो आणि आत तिच्या पापण्या मिटत चालल्या.

मग बाळंतपण उरकून तुम्ही जीपनं आलात. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. पायरीवर चपला काढल्या, घंटा वाजवली, तिच्याजवळ मांडी घातली, शीर धरली, आणि सलाईनची बाटली घंटेशेजारच्या लोखंडी कडीला अडकवली. गुरवाला म्हणालात, "अंगारा लावला का? लावा ना मग. अन् हिचा हात धरून बसा, हलवू देऊ नका." तो बिचारा लगेच बसला. जीपमधून नेताना तिचा श्वास मंदावला, तेव्हा रबरी फुग्यानं मीच तिला वाट संपेपर्यंत श्वास देत होतो. ती वाचली. परत आल्यावर हात धुता धुता तुम्ही मला म्हणालात, "देवाला मानतोस ना तू? मग दारात बूट घालून का उभा होतास?" मी म्हणालो, "लोकांनी मला अर्धा डॉक्टर समजू नये म्हणून." तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकलात. "लोकांचं राहू दे. तू काय समजतोस?" त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही मला पेशंटपुढं बसवत होतात आणि स्वतः औषधांच्या कपाटाला टेकून, हात मागं बांधून उभे राहत होतात. क्वचितच पुढं येत होतात. मी काम तिथंच शिकलो. पण त्या शिकण्याचा कागद नाही, कुठं दाखवता येत नाही.

तुम्ही गेलात. मुलगा परदेशातून चार दिवस आला, दवाखाना बंद झाला, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी अॅम्ब्युलन्सवर लागलो. त्या गावचे लोक मात्र अजून आधी देवळातच नेतात, आम्ही गाडी सरळ देवळाशीच लावतो, आणि ती कडी अजून तिथंच आहे. मागच्या आषाढात भातलावणी करणाऱ्या एका पोराला फुरसं चावलं. तुमची नात माझ्याबरोबर होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं बूट काढले आणि मी शीर धरली तशी बाटली उचलून त्या कडीला अडकवली. उंची तुमचीच, हात वर करायची ढब तुमचीच. आता जुन्या गुरवाचा मुलगा पूजेला असतो. तो मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरांची नात शोभते राव!" सगळे खुश. मीही हसलो. पण सुई माझ्या हातात होती, डॉक्टर. त्या कडीला इतकी वर्षं मी बाटल्या अडकवतोय, आणि मी कुणाचा शोभतो ते एकदाही कुणी म्हणालं नाही. त्यात परतीच्या वाटेवर ती म्हणते, "काका, शिकून झालं की मी ओतूरला येणार. तुमच्याबरोबर काम करणार." ड्रायव्हर हसला, "मंग आमचं डॉक्टर तुमच्या हाताखाली का?" तिला ते थट्टेचं वाटलं. मला वाटलं नाही. मोठ्या शहरात गेली तर ती तिथलीच होईल, नावाजेल, परत येणार नाही. ते मला सोसलं असतं. पण आमच्यासारख्याच गावात, मागं भिंतीला टेकून कुणीतरी उभं, आणि शेवटी हातात कागद? तुम्ही मला जे दिलंत तेच तिला पुरं मिळणार, हे काही मला सोसेना.

काल, मंगळवारी, दिवा लावताना मन लागेना. सुट्टी होती, म्हणून घाटाकडं गेलो, भैरोबाला. गुरव झाडत होता. "या डॉक्टर. डॉक्टरांची नात कुठं लागली का न्हाई?" म्हणालो, "अजून ठरायचंय, उद्या यादी बंद होते." तो झाडता झाडता म्हणाला, "तुमाला इचारलं आसंल की तिनं. मंग काळजी न्हाई." मी नमस्कार न करताच बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि फोन लावला.

"मोठं शहर पहिलं टाकलंस का?"

"हो काका. तुम्ही म्हणालात ना."

"बदल. मी खोटं बोललो."

ती हळूच म्हणाली, "का?"

"हेवा वाटला."

"माझा? काका, तुम्हाला?" ती हसेल असं वाटलं, हसली नाही. "मला तर ते हॉस्पिटल तुमच्यामुळं आवडलं. तिथला एक डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता ना, मला तुम्ही आठवलात. पावसाळ्यात सहा आठवडे तुम्ही तसेच उभे होता माझ्या मागं."

मी तसा उभा असतो हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी रागावलेय. पण रकाना तुम्हीच भरा. तुमच्या हातानं. मी भरणार नाही." आणि फोन ठेवला.

एवढ्यावर सगळं सरळ झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. काल दिवसभर मी तो रकाना भरला नाही. यादी आज बंद होणार हे ठाऊक असून नाही. शिवाय निघताना मी गुरवाला मुद्दाम विचारलं, "ही कडी कुणी बसवली ठाऊक आहे का?" कडीवरून बाटल्यांची गोष्ट निघेल, त्यात माझं नाव तरी येईल म्हणून. तो म्हणाला, "आज्यानं आसंल." आपल्या दोघांचंही नाव निघालं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहितो.

आज बुधवार. सकाळी दिवा लावला, चहा घ्यायच्या आधी फोन उघडला आणि त्या लहान गावापुढं, काका लिहिलंय त्याखाली, पसंतीचा आकडा घातला. पहिला. तिनं तो बघितल्याची खूण आली, मग मी चहा घेतला.