पायरीवरचं भांडं

शनिवार, ६ फेब्रुवारी २०२१
पोचलो! या पोळपाटासारख्या सपाट देशात एकदाची टेकडी दिसली, तिला बिलगलेलं गाव आणि वर मध्ययुगीन किल्ला. रॉटरडॅमच्या घरात कोंडून वैतागलेली माझी सुनेत्रा चक्क गुणगुणतेय. किल्ला लॉकडाउनमुळे बंद. तटाभोवती फिरू म्हटलं, तर तिथेही प्रवेशबंदीची फीत लावलेली. असो. भाड्याच्या घराच्या पायरीवर कुणीतरी मातीच्या वाडग्यात वाटाण्याचं गरम सूप ठेवून गेलं. भली माणसं.

सोमवार, ८
सुनेत्राला कालपासून ताप, वासही येत नाही. ती वरच्या खोलीत, मी खाली. झाली सहल! हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन केला, तर पॅरासिटामॉल घ्या म्हणाला. इथे हात मोडला तरी डॉक्टर पॅरासिटामॉलच देतील. रिकामं भांडं परत करू नये, असं सुनेत्राने वरून बजावलं, म्हणून वाडग्यात बेसनाचे दोन लाडू घालून पायरीवर ठेवले. दुपारी वाडगं गेलेलं.

मंगळवार, ९
आज पातेलं आलं, तळाशी चमचाभर सूप. चिवडा भरून ठेवला. शेजाऱ्यांना आभार कळवा, असं घरमालकीणबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात त्या गल्लीत कुणी राहत नाही. भांडं किल्ल्यावरून येतं, ते रिकामंच ठेवायचं; एकदा दिलं की मागणं वाढतं. म्हणे भाडेकरूंसाठी घरात ठेवलेल्या फाइलमध्ये लिहिलंय. डचमधली चाळीस पानं कोण वाचतंय! आधी सांगायला काय झालं होतं?

बुधवार, १०
तांब्याचं घंगाळ. रिकामं. बर्फात पावलं नाहीत. तसंच राहू दिलं, तर दारावर थाप, आणि घंगाळ उंबऱ्याच्या आत. कडी लावलेली होती! मालकीणबाई फोन उचलत नाहीत. गाडी उतारावर बर्फात अडकलीय. चीड येते नुसती.

गुरुवार, ११, सकाळ
घंगाळ वाढलंय. माणूस बसेल एवढं. डाळ, तांदूळ, पाव, सगळं ओतलं — सगळं पायरीवर नीट काढून ठेवलेलं. हे नकोय त्यांना. मला भीती वाटतेय.

दुपार
जिन्यावर सुनेत्रा. तीन दिवस उठवत नव्हतं तिला. केस विंचरलेले, डोळे मिटलेले. लोकांना किती ताटकळत ठेवायचं, म्हणाली — घंगाळात जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन —
ओढून काढलं. वर नेऊन कोंडलं. दार ठोकतेय. खालचंही कुणीतरी —

तिच्याऐवजी मीच घंगाळात बसलोय. वरचं ठोकणं थांबलं. ती रडतेय, माझं नाव घेतेय. म्हणजे शुद्धीवर आली. कड उचलली जातेय, कुणी दिसत नाही — वही घरात फेकतो — सुनेत्रा, किल्ली तुझ्या दाराखालून सरकवलीय, पण आज घराबाहेर पडू नकोस, मला शोधायला तर अजिबात —